जागा बदलू नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. चार इंची दुर्बीण घ्यावी की सहा इंची, तारे दाखवणारं ॲप कुठलं चांगलं, आकाश बघायला लडाखमधल्या हान्लेला जाण्यासाठी पैसे साठवावेत का. तिन्ही प्रश्नांत तुझ्या घरामागचा सडा, ते उघडं कातळाचं पठार, कुठेच नाही, याचं मला वाईट वाटलं.

त्या सड्यावर बसण्यासारखा एक दगड ठरव. रात्री नऊ वाजता तिथे जा आणि वर्षभर जागा बदलू नकोस. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. हे पुस्तकात सगळेच वाचतात. पण डिसेंबरात पूर्वेच्या काजूंवर आलेला मृग फेब्रुवारीत जवळजवळ डोक्यावर येतो, एप्रिल सरताना पश्चिमेला टेकतो आणि त्याच वेळी आग्नेयेला वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा वर येते, हे एकाच दगडावरून बघितलं की कुणी शिकवावं लागत नाही.

हान्लेचं आकाश काळंभोर आहे, मान्य. पण तिथून त्रिशंकू, दक्षिणेचा तो चार ताऱ्यांचा क्रूस, क्षितिजावर पूर्ण येतच नाही. आपण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. त्यामुळे ध्रुव आपल्याकडे जेमतेम दीड मूठ वर, धुरकटात हरवलेला. (हात लांब करून मूठ धरलीस की साधारण दहा अंश होतात.) आपली श्रीमंती दक्षिणेला आहे. मे महिन्यात साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू सरळ उभा असतो, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत हा मित्र सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा, सव्वाचार प्रकाशवर्षांच्या थोडा पलीकडे. त्यासाठी लडाखला जायचं? म्हणून दगड निवडताना दक्षिणेला दिवे नाहीत एवढं मात्र बघ.

जूनमध्ये तू म्हणशील, आता ढग, आता सुट्टी. अजिबात नाही. शेतकरी 'मृग लागला' म्हणतात तेव्हा सूर्य मृगात असतो, म्हणून रात्री मृग दिसत नाही. डिसेंबरात पाहिलेलं नक्षत्र कुठे गेलं, ते तेव्हा कळतं. जुलैत अर्धा तास उघडीप मिळाली तर वृश्चिकाची नांगी दक्षिणेला लख्ख दिसते, पावसाने हवा धुतलेली असते. ऑगस्टचा ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव बहुधा ढगांत जाईल. जाऊ दे, डिसेंबरच्या 13-14 तारखेला मिथुनेचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस डोक्यावर पूर्वा-उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन आणि दक्षिणेला एकटाच मीनास्य तारा. तिथून पुढे कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ. आपलं पंचांग आकाशातच मांडलेलं आहे, तू ते फोनमध्ये शोधतेस.

मला हट्टी म्हणतात. माझे सोबती काळोख शोधत चोर्ला घाटात जातात, मी अंगण सोडत नाही. पण 2020 च्या फेब्रुवारीत मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा काक्षी मंदावला, मृगाच्या दुसऱ्या खांद्याइतकाच दिसू लागला, तेव्हा ते मला वर बघताक्षणी कळलं, कारण त्याच माडांमधून मी त्याला वर्षानुवर्षं बघत आलो होतो. ॲप त्याच्या कोष्टकातला तारा दाखवत होतं. त्या ताऱ्यानेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती, असं संशोधकांनी पुढे सांगितलं.

आता माझ्या दक्षिणेला चार मजली इमारत आली आहे. त्रिशंकू गेला. मे महिन्यात अजूनही पाय तिकडे वळतात आणि समोर जिन्यातले दिवे असतात. हे दुःख घरात कुणाला सांगून समजत नाही. "गच्चीवर जा," म्हणतात. मी गेलो नाही, जाणार नाही. फेब्रुवारीत अगस्त्य तारा त्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून सरकतो, आणि टाकीच्या कोणत्या कोपऱ्यावर आला की किती वाजले, हे मला घड्याळाशिवाय सांगता येतं. हे एका जागेवर बसल्याशिवाय येत नाही. तुझ्या सड्यावर अजून इमारत नाही, आणि तू दुर्बिणीच्या इंचांवर रात्री घालवतेस!

या अमावास्येला सुरुवात कर. भावाला सोबत ने, विजेरीला लाल कागद लाव, वहीत तारीख आणि दगडावरून दिसलेलं लिही. ढग असले तर "ढग" लिही, पण जा. पुढच्या अमावास्येला वही घेऊन माझ्याकडे ये. तोवर दुर्बिणीचं बोलायचं नाही.