शस्त्रसामग्री चढवता चढवता थकलेली लेक

"ताई, मी सैतानाच्या ताब्यात गेलेय का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. वय चोवीस. नगरच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट माझ्याकडे आलेली, डोळे लाल, हातातला डबा तसाच भरलेला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. बहुतेक जण तो पाळकसाहेबांनाही विचारत नाहीत, कारण विचारायचं तर मनात काय येतं ते सांगावं लागतं, आणि तेच तर सांगवत नाही. म्हणून तिची गोष्ट लिहितेय. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रार्थनेला डोळे मिटले की तिच्या मनात येशूविषयी घाणेरडे शब्द यायचे. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून उपासनेत घेतात ती, भाकर हातात आली की ती थुंकून टाकल्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेली, वचनं तोंडपाठ असलेली ही मुलगी. ते शब्द मला सांगताना ती माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

हे सुरू झाल्यावर ती मंडळीतल्या एका प्रार्थना गटात जाऊ लागली. तिथल्या मावशींनी कळवळून सांगितलं, "बाळा, तुझ्या आयुष्यात कुठलं तरी दार उघडं राहिलंय, तिथून तो आत येतोय." मग दार शोधणं सुरू झालं. उपास झाले. आजीनं शिवलेली गोधडी घराबाहेर गेली, कारण तिच्यात कोणाकोणाची जुनी लुगडी आहेत कोण जाणे. आणि रोज सकाळी शस्त्रसामग्री चढवणं सुरू झालं, म्हणजे बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल सैतानापुढे टिकायला देवाची जी शस्त्रसामग्री धारण करा म्हणतो ती. कंबरेला हात लावून सत्य, छातीला हात लावून नीतिमत्त्व, मग पाय, मग ढाल, मग डोक्याला हात लावून तारणाचं शिरस्त्राण, शेवटी तलवार. मध्येच तो घाण विचार आला की सगळं पुन्हा कंबरेपासून. आधी दहा मिनिटं लागायची. माझ्याकडे आली तेव्हा दीड तास लागत होता. दिवसपाळीला उशीर होऊ लागला, सिस्टर इन्चार्जनं दोनदा लेखी घेतलं होतं. पाच महिने तिनं प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

मी तिला विचारलं, जीव नकोसा होतो का? हा प्रश्न मी आडवळणानं विचारत नाही, सरळ विचारते. ती म्हणाली, "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं कधी कधी." त्या दिवशी आधी तिला डबा उघडायला लावला. पोळी-भाजी खाल्ली तिनं, मग मम्मीला बोलावून घेऊन घरी झोपायला पाठवलं. रतामाच्या झुडपाखाली एलीया संदेष्ट्यानं मरण मागितलं तेव्हा देवदूतानं त्याला एक शब्दही उपदेश केला नाही. उठ, खा, एवढंच म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खाऊन पुन्हा झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिलं. थकलेल्या माणसाशी आत्मिक युद्धाचं, म्हणजे सैतानाशी लढण्याचं, बोलायच्या आधी हे पहिल्या राजेच्या एकोणिसाव्या अध्यायातलं मी स्वतःला आठवून देते.

पुढच्या भेटीत माझी चूक झाली. ती फार घाबरलेली होती म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं, अधिकारानं प्रार्थना केली, सैतानाला धमकावलं. तिला लगेच हलकं वाटलं. दोन दिवसांनी फोन आला, "ताई, पुन्हा तशीच प्रार्थना करा ना." मग रोज फोन, मग दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी तोच प्रश्न: मला क्षमा आहे ना? मी अक्षम्य पाप तर केलं नाही ना? आणि प्रत्येक वेळी मी समजूत घालत होते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तिच्या कंबर-छाती-पाय या फेऱ्यात आता मीही एक पायरी झालेय.

हा आजार कसा चालतो ते इथं सांगायला हवं. आपल्या सगळ्यांच्याच मनात नकोसे विचार येऊन जातात. उंच गच्चीवर उभं राहिलं की उडी मारली तर, बाळ हातात असलं की हे पडलं तर. ते येतात, जातात. पण काहींच्या मनाला त्यातला एखादा विचार भयंकर धोक्याचा वाटतो, आणि तो नेमका त्या माणसाला जे सगळ्यांत प्रिय असतं त्यावरच घाव घालतो. आईला बाळाबद्दल येतो, भाविकाला देवाबद्दल. मग भीती. ती घालवायला माणूस काहीतरी विधी करतो: हात धुतो, मोजतो, ठरलेली प्रार्थना ठरलेल्या क्रमानं म्हणतो, कोणाला तरी पुन्हा पुन्हा विचारतो. क्षणभर बरं वाटतं. पण त्या बरं वाटण्यातून मन शिकतं की धोका खरोखरच होता आणि विधीमुळे टळला. म्हणून पुढच्या वेळी विचार जास्त जोरात येतो, विधी लांबतो. मानसोपचारात याला ओसीडी म्हणतात, मंत्रचळ असा जुना मराठी शब्दही आहे. तो हिंदू घरात सोवळ्याच्या रूपानं दिसतो, मुसलमान घरात वजू पुन्हा पुन्हा करण्यात दिसतो, आपल्या घरात असा दिसतो.

मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. ओसीडीत औषधाचा गुण पुरता दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे आधी सांगितलेलं असलं की माणूस पंधराव्या दिवशी निराश होऊन गोळ्या सोडत नाही. जोडीला एक खास उपचारपद्धती होती: विचार येऊ द्यायचा, भीती वाटू द्यायची, आणि विधी करायचा नाही. थेरपिस्टनी आणि मी मिळून ठरवलं की तिनं "मला क्षमा आहे ना" असं विचारलं की मी उत्तर द्यायचं नाही. पहिले काही दिवस ते मलाच फार जड गेलं.

याच वेळी कोणीतरी तिला म्हणालं, "विश्वास आहे ना? मग गोळ्या कशाला?" या वाक्याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्याला पौलानं थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, विश्वास वाढव असं सांगितलं नाही. कोणी गोळ्या बंद करायला सांगत असेल, कोंडून ठेवत असेल, सैतान काढायच्या नावाखाली मारत असेल तर तिथून माणसाला उचलून आणा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, मग ती कोणत्याही धर्माच्या नावानं होवो.

मग आत्मिक युद्ध नाहीच का? तिनं मला हाच प्रश्न विचारला, थोडी दुखावून. मी म्हटलं, आहे. मी ते पूर्ण विश्वासानं मानते. पण आपण तो अध्याय पुन्हा वाचू, हात न लावता.

आम्ही सहावा अध्याय घेऊन बसलो. पौल हे लिहितो तेव्हा तो स्वतः बेड्यांत आहे, म्हणजे ज्याला मोकळं फिरताही येत नाही असा माणूस तयारीविषयी सांगतोय. तो कुठंही चाल करून जा म्हणत नाही. टिकाव धरा, टिकून राहा, उभे राहा, हेच परत परत म्हणतो. आणि पायात काय आहे? शांतीच्या सुवार्तेनं लाभलेली सिद्धता. या सिद्धतेचं, तयारीचं नातं पौलानं शांतीशी जोडलंय. दीड तास धडधडत्या छातीनं केलेली ती तयारी कशी म्हणायची?

दुसरं, ती देवाची शस्त्रसामग्री आहे. जुन्या करारात यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात परमेश्वर स्वतः नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण घालतो. ते त्याचं आहे, तो आपल्याला देतो. आपण क्रम चुकलो म्हणून त्याचं पोलाद पातळ होत नाही. ती यावर बराच वेळ गप्प होती.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेमुळे निसटते. मराठीत 'उभे राहा' हे एकाला आदरानंही म्हणता येतं आणि दहा जणांनाही. ती ते एकटीला म्हटल्यासारखं वाचत होती. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. पत्र मंडळीपुढे वाचायचं होतं. ढालीसाठी वापरलेला शब्द दारावरून आलाय: रोमी सैनिकाची दाराएवढी मोठी ढाल, लाकडाची, वर कातडं चढवलेली. शेजाऱ्याच्या ढालीला आपली ढाल भिडवून ते रांगेत उभे राहायचे. एकट्यानं ती उचलून चोवीस तास उभं राहायला ती बनवलेलीच नव्हती.

तिला हे सगळं नीट पोचलं ते मात्र तिच्याच वॉर्डातून. मी विचारलं, ड्युटीवर गेल्यावर इमर्जन्सी ट्रॉली कशी तपासतेस? ती भरभर सांगू लागली: ॲड्रेनालिन, ॲट्रोपिन मोजायचं, एक्स्पायरी बघायची, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, ॲम्ब्यू बॅग फाटली नाही ना, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती, रजिस्टरमध्ये सही. किती वेळ लागतो? दहा-पंधरा मिनिटं. मग रात्रभर ट्रॉलीला धरून उभी राहतेस का? "नाही हो ताई, पेशंट कोण बघणार?" आणि सकाळी? "हँडओव्हर देते आणि घरी जाते." ती बोलता बोलता थांबली. मी काही जोडलं नाही.

अक्षम्य पापाचं मी एकदाच, नीट सांगितलं आणि पुन्हा सांगणार नाही असंही सांगितलं. पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांना म्हणतो. डोळ्यांदेखत माणसं मोकळी होताना दिसत होती आणि ते ठरवून म्हणत होते की हे सैतानाचं काम आहे. आपल्याला नको असलेला शब्द मनात आला म्हणून रडणाऱ्या मुलीला उद्देशून ते नाही.

आणि लढाई? ती होती, पण तिनं पहारा बसवला होता त्या वेशीवर नव्हती. एक म्हणजे लपवणं. पाच महिने ती एकटी होती, आणि दोष देणारा सैतान, ज्याला बायबलमधल्या प्रकटीकरणात आमच्या बंधूंना दोष देणारा म्हटलंय, त्याला एकटं माणूस फार सोपं पडतं. दुसरी गोष्ट खूप उशिरा बाहेर आली. तिला पोस्ट बेसिक नर्सिंग, म्हणजे नर्सिंगचं पुढचं शिक्षण, करायचं होतं. पण तिचा पगार दोन वर्षं धाकट्या भावाच्या फीला जात होता. तिला राग होता आणि राग म्हणजे पाप म्हणून ती तो गिळत होती. रागामुळे ओसीडी झाला असं मी म्हणत नाही, तसं नसतं. पण त्याच पत्रात, दोनच अध्याय आधी, पौल सूर्य मावळायच्या आत राग मिटवायला सांगतो आणि लगेच म्हणतो, सैतानाला वाव देऊ नका. उघडं दार गोधडीत शोधलं जात होतं, आणि ते असलंच तर जेवणाच्या ताटापाशी होतं, जिथं ती रोज पप्पांसमोर मान खाली घालून बसायची. शस्त्रसामग्रीच्या आधीची वचनंही नवरा-बायको, आईबाप-मुलं, धनी-चाकर यांच्याविषयी आहेत, हे उगीच नाही.

तिचे पप्पा एसटीत चालक होते, निवृत्त झालेले. माझ्यासमोर तिनं सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाळा, मला वाटलं तुला चालतंय." पुढच्या वर्षीची फी त्यांनी वेगळ्या सोयीनं भागवली.

मावशींकडेही मी गेले. त्या चांगल्या आहेत, जिवापाड प्रार्थना करणाऱ्या. मुलीला काय झालंय ते तिच्या परवानगीनं त्यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मग आम्ही त्यांना काम दिलं. मुलीची रात्रपाळी असेल तेव्हा साडेनऊला मावशी तिच्यासाठी आणि वॉर्डातल्या पेशंटांसाठी प्रार्थना करतात, तिला न विचारता, तिनं काही न सांगता. मुलीनं सकाळी एकदा, पाच मिनिटं, साध्या शब्दांत प्रार्थना करायची आणि चहा टाकायचा. विचार आला तर आला. कोणाशी वाद घालायचा नाही, पुन्हा कंबरेपासून सुरू करायचं नाही.

हे वाचताना तुमचीच गोष्ट वाटली तर आज एका माणसाला सांगा. जवळ कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा होत असेल तर उद्यावर टाकू नका.

चौथ्या महिन्यात एका रविवारी ती प्रभुभोजनाला उभी राहिली. मी मागच्या बाकावर होते. भाकर घेताना तिचा हात थरथरला, ती क्षणभर थबकली, मग घास तोंडात घातला. उपासना सुटल्यावर जिन्यापाशी भेटली.

"आला होता," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय ताई, दोनची ड्युटी आहे. मम्मीनं डबा दिलाय, निघते."