वाचकांचे प्रश्न : फायबर जायरोचा शून्य का सरकतो?

प्रश्न : प्रकल्पासाठी १ किलोमीटर साध्या सिंगल मोड फायबरची, १० सेंटिमीटर व्यासाची कॉइल वापरून जायरो (फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण) बनवला आहे. प्रकाश १५५० नॅनोमीटर लेसरचा. पोलरायझेशन कंट्रोलरची (प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, बदलणाऱ्या साधनाची) पॅडल फिरवून सिग्नल जुळवतो, पण तासाभरात तो उतरतो. कॉइलला हात लागला तरी शून्य (कॉइल न फिरवता दिसणारं वाचन) सरकतो. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पॅडलच्या मागे लागू नका. साधं फायबर वाकलं, दाबलं गेलं, तापलं की त्यातलं ध्रुवण बदलणारच. तुम्हाला मोजायचंय ते किती बारीक आहे बघा. कॉइलचा अक्ष उभा ठेवला, तर पुण्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे उलटसुलट जाणाऱ्या दोन लहरींत जेमतेम ३१ मायक्रोरेडियन फेजफरक पडतो. दोघी हुबेहूब एकाच वाटेने गेल्या तरच तो हाती लागतो. ध्रुवण वेगळं झालं की वाट वेगळी झाली.

म्हणून पोलरायझर (एकाच ध्रुवणाचा प्रकाश पुढे सोडणारा) दोन कपलरांच्या (प्रकाश विभागणाऱ्या आणि जोडणाऱ्या भागांच्या) मधल्या तुकड्यात बसवा. जाताना आणि येताना प्रकाश त्यातूनच गेला पाहिजे. लेसर काढून एसएलडी (सुपरल्युमिनेसंट डायोड) किंवा एर्बियमचा रुंद पट्ट्याचा स्रोत लावा. ४० नॅनोमीटर रुंदीला सुसंगती-लांबी (वाटांत जेवढा फरक असला तरी लहरी एकमेकींशी जुळतात ती मर्यादा) सुमारे ६० मायक्रॉन येते, त्यामुळे भरकटलेला प्रकाश मूळ लहरीशी व्यतिकरण करत नाही.

मग कॉइलच्या एका टोकाला लिओ डीपोलरायझर (ठरावीक ध्रुवण मोडून सगळी ध्रुवणं मिसळणारा) जोडा : पांडा फायबरचे (ज्यात दोन अक्षांवर प्रकाशाचा वेग वेगळा असतो) १ मीटर आणि २ मीटरचे तुकडे, अक्ष ४५ अंशांवर ठेवून स्प्लाइस केलेले (वितळवून जोडलेले). दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे घेण्याची चूक बरेच जण करतात. तसं केलं तर पहिल्यात मागे पडलेली लहर दुसऱ्यात पुन्हा बरोबरीला येते आणि ध्रुवण परत उभं राहतं. कोन १ अंशाने चुकला तरी सुमारे ३.५ टक्के ध्रुवण शिल्लक राहू शकतं. जोडण्याआधी तपासा : डीपोलरायझरच्या अलीकडे पॅडल, पलीकडे पोलरायझर आणि पॉवर मीटर. पॅडल कशीही फिरवली तरी पॉवर मीटरचं वाचन ०.३ डीबीहून (सुमारे ७ टक्क्यांहून) जास्त हलता कामा नये. परतीच्या वाटेवर पोलरायझरपाशी निम्मी शक्ती वाया जाईल, ती गृहीतच धरा.

एवढं करूनही चुंबक जवळ नेल्यावर शून्य हलला, तर तो फॅरडे परिणाम (चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवण वळणं). कॉइल म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) डब्यात ठेवा. शेवटी कॉइल उलटी करून पाहा. वाचन ताशी ४.८ अंशांवरून उणे ४.८ वर गेलं पाहिजे.