वाचकांचे प्रश्न : बुरशीला व्हायरस झाला तर झाड वाचतं का?

प्रश्न : नमस्कार सर. माझी मुलगी इटलीत तुरिनजवळ राहते, गेल्या वर्षी मी दोन महिने तिच्याकडे होते. तिथल्या डोंगरात चेस्टनटची खूप झाडं आहेत, कितीतरी खोडांवर साल फाटून फुगलेल्या जखमा दिसल्या पण झाडं मात्र हिरवीगार. शेजारचे आजोबा म्हणाले हा बुरशीचा रोग आहे, पण बुरशीलाच व्हायरस झालाय म्हणून झाडं वाचली. व्हायरसने रोग होतो की बरा होतो? मला काही उलगडा होईना.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आजोबा अगदी बरोबर बोलले. आधी एक सांगतो, हे चेस्टनट म्हणजे आपला शिंगाडा नाही, शिंगाड्याला वॉटर चेस्टनट म्हणतात म्हणून गोंधळ होतो. हे मोठं डेरेदार झाड, काटेरी कवचातली फळं भाजून खातात ते.

त्याच्यावर क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका नावाची बुरशी येते, मूळची पूर्व आशियातली. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स झूमधल्या झाडांवर ती लक्षात आली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेतली 300 ते 400 कोटी चेस्टनट झाडं गेली. मला हा आकडा लिहिताना अजून कसंतरी होतं. ही बुरशी सालीच्या फटीतून आत शिरते, सालीखाली पंख्यासारखी पसरत जाते, आणि तिने खोडाला पूर्ण वेढा घातला की त्याच्या वरचं सगळं वाळतं.

1938 मध्ये ती इटलीत जिनोआजवळ सापडली. तिथेही आता सगळं संपलं असंच लोक धरून चालले होते, पण 1950 च्या सुमाराला अंतोनियो बिराघी या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की काही झाडांच्या जखमा आपोआप भरतायत. मग 1960 च्या दशकात फ्रान्सच्या जाँ ग्राँत यांनी अशा भरत आलेल्या सालीतली बुरशी काढून प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवली, तर एरवी नारिंगी दिसणारी ही बुरशी पांढरी निघाली! आणि ही पांढरी बुरशी रोगट झाडाच्या जखमेवर लावली की तिथली नारिंगी बुरशीसुद्धा मवाळ व्हायची. म्हणजे तिचं आजारपण लागट होतं. त्यामागे व्हायरस आहे हे पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत कनेक्टिकटच्या संशोधकांच्या कामातून पुढे आलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की व्हायरस झाडाला बरं करत नाही, तो बुरशीला आजारी पाडतो. काट्याने काटा काढतात म्हणतो ना, इथे काटा निघत नाही, बोथट होतो. बुरशी सालीत राहतेच पण वरवर, तेवढ्या वेळात झाड खाली नवी साल धरतं. तुम्ही पाहिलेल्या फुगलेल्या जखमा त्याच.

मग हेच अमेरिकेत का नाही केलं? केलं हो, पुष्कळ प्रयत्न केले, पण मिशिगनमधल्या काही ठिकाणांसारखे अपवाद सोडले तर जमलं नाही आणि त्याचं कारण मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा व्हायरस सर्दीच्या व्हायरससारखा हवेतून उडत दुसऱ्या बुरशीकडे जात नाही, दोन बुरशींचे तंतू एकमेकांना भेटून जुळावे लागतात तेव्हाच तो पलीकडे जातो. आणि बुरशींची सोयरीक कुणाचीही कुणाशीही होत नाही. रक्तगट जुळावा लागतो तसंच समजा, मुख्यतः सहा ठिकाणचे जीन जुळावे लागतात. प्लेटमध्ये हे फार छान दिसतं. दोन न जुळणाऱ्या बुरशी समोरासमोर वाढवल्या की जिथे भेटतात तिथले तंतू मरतात आणि मध्ये बांधासारखी रेघ उमटते, व्हायरस अलीकडेच अडकतो. जुळणाऱ्या असतील तर रेघ नाही, उलट नारिंगी बुरशीच्या कडेने पांढरा पट्टा पुढे सरकत जातो. युरोपात बऱ्याच भागात बुरशीचे गट मोजकेच, त्यामुळे तिथे व्हायरस पसरला, अमेरिकेत गट खूप आणि शेजारच्या दोन जखमांतसुद्धा वेगळे निघतात. 2016 मध्ये मेरीलँडच्या डोनाल्ड नस यांच्या टीमने अडथळा आणणारे जीन बंद करून अशी बुरशी बनवली की जी बऱ्याच गटांना व्हायरस देऊ शकते, मला त्यातून खूप आशा वाटते.

युरोपात हा उपचार करतात तो अगदी हाताने. जखमेच्या कडेने सालीत छोटी छोटी भोकं पाडायची, त्यात व्हायरसवाल्या बुरशीची पेस्ट भरायची आणि वरून टेप. एकेक झाड, एकेक जखम. आणि व्हायरस फार जहाल असूनही चालत नाही बरं का, बुरशी अगदीच गलितगात्र झाली तर तिला बीजाणू धरत नाहीत आणि मग व्हायरसही तिथल्या तिथेच संपतो.

प्रश्न : असा व्हायरस माणसाला लागला तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोविडनंतर ही भीती वाटणारच. पण चेस्टनटवाल्या या व्हायरसला बाहेरचं कवचच नसतं, तो बुरशीच्या पेशीतून सुटा बाहेर पडत नाही. बुरशीचे व्हायरस तसे नवे नाहीत, 1962 मध्ये इंग्लंडमध्ये हॉलिंग्ज यांनी बटण मशरूममध्ये ते पहिल्यांदा दाखवले. मशरूमवाल्यांचा मात्र तो शत्रू, कारण त्यांचं पीकच बुरशी!

प्रश्न : सर, आमच्या हरभऱ्यात दरवर्षी मर येते. असा व्हायरस दुकानात मिळतो का?
– एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : नाही दादा, मर रोगासाठी असं औषध बाजारात नाही आणि व्हायरसच्या नावाने कुणी बाटली दाखवली तर पैसे देऊ नका. संशोधन मात्र जोरात आहे. 2010 मध्ये चीनमधल्या वुहानच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी स्क्लेरोटिनिया बुरशीचा एक व्हायरस जाहीर केला, तो बाहेरून फवारला तरी बुरशीला लागतो, सोयरिकीची अट नाही. पुढे त्यांना असंही दिसलं की व्हायरस झालेली ही बुरशी रेपसीडच्या झाडात त्रास न देता राहते. मोहरीवर खोडकूज आणणारी बुरशी हीच, पण तुमची मर ही फ्युझॅरियमची, ती वेगळी.

आधी खात्री करा, वाळकं झाड उपटून खोड उभं चिरा, आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मरच. ही बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षंसुद्धा टिकते म्हणून त्याच वावरात लागोपाठ हरभरा घेऊ नका, पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा आणि विजय किंवा दिग्विजयसारखं मर सहन करणारं वाण घ्या, दोन्ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाचीच आहेत.