वाचक विचारतात : भिंतीवरची क्लिओपात्रा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. या हिवाळ्यात आम्ही उभयता इजिप्त पाहून आलो. देंदेराच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर गाइडनं क्लिओपात्रा दाखवली, पण ती तिथल्या देवीसारखीच दिसते. राजेही सगळीकडे एकसारखे. मग ओळखतात कशावरून? बाहेरच्या भिंतींवरची चित्रं दगडात आत खोदलेली आणि आतली वर उठलेली, असं का? आणि इतक्या आकृत्या टोचून विद्रूप कोणी केल्या?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : मधला प्रश्न आधी घेते. माझं आयुष्य दगडकामात गेलं, त्यामुळे तो वाचून फार आनंद झाला. बहुतेक प्रवाशांच्या हे लक्षातच येत नाही.

कारण आहे ऊन. उठावाच्या कामात आकृतीभोवतीचा सगळा दगड उतरवावा लागतो. आतल्या मंद, तिरप्या उजेडात अशा आकृतीचे गाल, खांदे, पोटऱ्या सुरेख दिसतात. दक्षिण इजिप्तच्या भर उन्हात मात्र ती फटफटीत पडते. म्हणून बाहेर कारागीर आकृतीची कडाच खोल कापत आणि त्या खाचेच्या आत अंग घडवत. कडेची सावली आत पडते. ऊन जितकं कडक, तितकी रेघ ठसठशीत. शिवाय धक्क्यानं नाकं-बोटं उडत नाहीत आणि काम लवकर उरकतं.

लवकर उरकण्याचा मोह राजांनाही पडला. कर्नाकच्या देवळातल्या १३४ खांबांच्या मंडपात उत्तरेची बाजू पहिल्या सेती राजाच्या काळातली, नाजूक उठावाची. त्याचा मुलगा दुसरा रामसेस यानं दक्षिणेकडे सुरुवात उठावानंच केली, पण पुढे तो खोदकामावर आला आणि आधी झालेला काही उठावही पुन्हा कापून खोल करून घेतला. मला ते पाहून वाईट वाटतं. सेतीच्या कारागिरांचा खरा हात पाहायचा असेल तर पुढच्या खेपेला अबायडोसला त्याच्या देवळात जा. तिथल्या पांढऱ्या चुनखडीत कापडाच्या चुण्यासुद्धा कोरल्या आहेत आणि कितीतरी ठिकाणी रंग टिकून आहे. मेदिनेत हाबूच्या आपल्या देवळात तिसऱ्या रामसेसनं स्वतःचं नाव इतकं खोल कोरवलं की खाचेत हात जातो. पुढच्या राजाला ते खोडून आपलं नाव घालता येऊ नये, हा हिशेब त्यात असावा.

आता क्लिओपात्रा. तिची ओळख पटते ती नावावरून. राजाराण्यांची नावं लांबट गोल चौकटीत कोरलेली असतात; तिला कार्टूश म्हणतात. त्या भिंतीवर पुढे तिचा मुलगा सीझेरियन, मागे ती, आणि दोघं देवांना अर्पण करताहेत. वंशानं ती मॅसिडोनियन ग्रीक. नाण्यांवर तिचा चेहरा निराळा, ठळक नाकाचा आहे. देवळाच्या भिंतीला त्या चेहऱ्याची गरज नव्हती. तिथे चालू असते ती देवघेव : राजा धूप, मद्य, भाकरी किंवा मात देवीची चिमुकली मूर्ती पुढे धरतो आणि देव त्याला आयुष्य, सत्ता देतात. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची नीट बसलेली घडी. रोजची पूजा प्रत्यक्षात पुजारी करत, कारण राजा एका वेळी सगळ्या देवळांत कुठून असणार? भिंतीवर मात्र राजाच पूजा करतो आणि त्या पूजेत खंड पडत नाही. राजा हवा, एवढंच महत्त्वाचं. देंदेराचं हे देऊळ बांधायला इ.स.पू. ५४ मध्ये घेतलं. आतल्या कितीतरी चौकटी रिकाम्या आहेत. गादीवरून तंटे चालू असताना कोणाचं नाव घालावं हे ठरेना, असं मानतात. पूजेची दृश्यं मात्र कोरून पुरी आहेत! त्याच आवारातल्या जन्मगृहावर (देवीच्या बाळाच्या जन्माचं छोटं देऊळ) रोमन सम्राट ट्राजन फेरोच्या वेषात हाथोरपुढे, म्हणजे तिथल्या देवीपुढे, नैवेद्य धरून उभा आहे, आणि एस्नाच्या खनूम देवाच्या मंदिरात तर तिसऱ्या शतकातल्या डेशियस सम्राटाचं नाव आहे.

देंदेरा, एडफू, फिले इथल्या टोचलेल्या खुणा बहुतांशी ख्रिस्ती काळातल्या. फिलेच्या इसिस देवीच्या मंदिरात सहाव्या शतकात चर्च झालं, भिंतींवर क्रूस कोरले गेले. नीट पाहिलंत तर घाव चेहरा, हात, पाय यांवर जास्त दिसतील. आकृतीत अजून ताकद आहे अशी धास्ती तोडणाऱ्यांनाही होती, म्हणून तिला पांगळं केलं. पण सगळाच दोष त्यांच्या माथी मारू नका. देर अल-बहरीच्या देवळात, फेरो म्हणून राज्य केलेल्या हत्शेप्सुत राणीच्या आकृत्या तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, तिच्यामागून राज्य करणाऱ्या तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीत खरवडल्या गेल्या. पुढे आखेनातेन राजानं अमुन देवाची नावं आणि चित्रं जागोजागी खोडवली. नंतरच्या राजांनी ती परत कोरून घेतली. देर अल-बहरीचे फोटो तुमच्याकडे असतील तर अमुनच्या आकृतीभोवतीचा दगड पाहा. तो आजूबाजूपेक्षा खोलगट दिसला, तर बहुधा ही दुरुस्तीच असेल.