पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी चोक आणि काडतूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परवाना घेऊन पाणपक्ष्यांची शिकार करण्यास जिथे कायद्याने मुभा आहे अशा देशात मी राहतो आणि येत्या हंगामापासून रानबदकांच्या शिकारीला जाणार आहे. माझ्या बारा बोअरच्या बंदुकीसोबत सिलिंडर, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड आणि फुल असे चार सुटे चोक मिळाले आहेत. जुने शिकारी फुल चोकचा आग्रह धरतात, तर इतर काही जण मॉडिफाइड पुरेसा आहे असे सांगतात. काडतुसांच्या खोक्यांवरील आकड्यांचाही मला उलगडा होत नाही. निवड कशी करावी?

उत्तर : फुल चोकचा सल्ला शिशाच्या छऱ्यांच्या काळात योग्य होता. आज आपल्या हाती बहुधा पोलादी छऱ्यांचे काडतूस असेल आणि त्यामुळे हिशेब बदलतो.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला किंचित अरुंद भाग. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर तो सुमारे पाव मिलिमीटरने, मॉडिफाइड अर्ध्या मिलिमीटरने आणि फुल जवळजवळ एक मिलिमीटरने कमी करतो, तर सिलिंडरमध्ये नळी मुळीच अरुंद होत नाही. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात काडतुसातील किती छरे पडतात, यावरून चोकची प्रतवारी ठरलेली आहे. सिलिंडरसाठी हे प्रमाण ४० टक्के, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरसाठी ५०, मॉडिफाइडसाठी ६० आणि फुलसाठी ७० टक्के धरले जाते. हे आकडे शिशाच्या छऱ्यांवरून ठरलेले आहेत, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. शिसे मऊ असल्यामुळे बार उडताना काही छरे चेपतात, वेडेवाकडे होतात आणि बाजूला भरकटतात. पोलादी छरे गोलच राहतात, म्हणून ते अधिक एकवटून जातात आणि मॉडिफाइड चोकमधून शिशाच्या फुल चोकच्या जवळ जाणारा पसारा, म्हणजे लक्ष्यावर छऱ्यांची पसरण, देतात. पोलाद आणि फुल चोक एकत्र आले की पसारा अनेकदा सुधारण्याऐवजी विस्कटतो, आणि जाड छरे असतील तर नळीच्या तोंडाला फुगवटा येण्याचाही धोका असतो.

शिसे का सोडावे लागले, हे प्रत्येक शिकाऱ्याला ठाऊक असले पाहिजे असे मला मनापासून वाटते. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, आणि तळ्याच्या तळाशी साचलेले छरे त्यांना खड्यांसारखेच वाटतात. पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या जठरात, दळला गेलेला एखाद-दुसरा छराही पक्ष्याला विषबाधा करण्यास पुरेसा ठरू शकतो. अमेरिकी पाणपक्षी-अभ्यासक फ्रँक बेलरोज यांनी १९५९ मध्ये केलेल्या अंदाजानुसार उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी अशा विषबाधेने मरत होते. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशावर १९९१ पासून देशभर बंदी आली, कॅनडात १९९९ मध्ये, आणि युरोपीय संघात पाणथळ जागी व त्यांच्या आसपास फेब्रुवारी २०२३ पासून. ही बंदी वाया गेली नाही. अमेरिकेतील मिसिसिपी उड्डाणमार्गावरील, म्हणजे स्थलांतराच्या हवाई मार्गावरील, मॅलार्ड बदकांत शिशाच्या विषबाधेने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज त्यानंतरच्या पाहणीतून पुढे आला.

आता खोक्यावरील आकडे. छऱ्याचा क्रमांक जितका मोठा, तितका छरा लहान. अमेरिकी पद्धतीत ४ क्रमांकाचा छरा ३.३ मिलिमीटरचा, २ क्रमांकाचा ३.८ मिलिमीटरचा आणि बीबी ४.६ मिलिमीटरचा असतो. ब्रिटन व युरोपातील क्रमांक याच्याशी जुळत नाहीत, म्हणून शक्य तिथे मिलिमीटरच पाहावेत. पोलाद शिशापेक्षा बरेच हलके आहे. शिशाची घनता ११ च्या आसपास आणि पोलादाची ७.८ असल्यामुळे शिशाऐवजी पोलाद वापरताना दोन क्रमांक जाड छरा घ्यावा, असा रूढ नियम आहे. त्यामागचे कारण सोपे आहे : एका औंसात ४ क्रमांकाचे शिशाचे छरे सुमारे १३५ बसतात आणि २ क्रमांकाचे पोलादी छरे सुमारे १२५, म्हणजे प्रत्येक छऱ्याचे वजन जवळपास सारखेच भरते. तरीही पोलादी छरा आकाराने मोठा असल्यामुळे हवेचा विरोध त्याला जास्त होतो आणि त्याचा वेग लवकर ओसरतो. म्हणूनच पोलादी काडतुसे सेकंदाला १४०० ते १५०० फूट अशा चढ्या वेगाने भरलेली असतात. वेगाने ही उणीव काहीशी भरून निघते, पण पूर्ण भरून निघत नाही.

मॅलार्डसारख्या मोठ्या बदकासाठी ३० इंचांच्या वर्तुळात किमान ८५ ते ९० छरे पडावेत, असा निकष अनेक जाणकार मानतात. सव्वा औंसाच्या काडतुसात २ क्रमांकाचे सुमारे १५६ पोलादी छरे असतात आणि मॉडिफाइडसाठी सावधपणे ६० टक्केच धरले तर ९४, तेव्हा हे काडतूस निकषाला उतरते. सव्वा औंसाऐवजी १⅛ औंसाचे काडतूस घेतले, तर छरे सुमारे १४० आणि ६० टक्क्यांनी ८४ उरतात, म्हणजे थोडे कमीच. त्यामुळे आपल्यासाठी माझी शिफारस अशी आहे : तीन इंची काडतूस, सव्वा औंस, २ क्रमांकाचे पोलादी छरे आणि मॉडिफाइड चोक. नकली बदके मांडून २५ यार्डांच्या आत बार काढायचा असेल तर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर अधिक बरा, कारण जवळून अरुंद पसाऱ्याने एकतर नेम चुकतो किंवा पक्ष्याचे मांस फाटते. लहान बदकांसाठी ४ क्रमांकाचे छरे पुरतात. तीन इंची काडतूस मात्र त्या किंवा त्याहून जास्त लांबीच्या कक्षातच, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याच्या जागेतच, घालावे. कक्षाची लांबी नळीवर कोरलेली असते आणि ती वाचल्याशिवाय काडतूस विकत घेऊ नये.

या शिफारशीवर डोळे झाकून विसंबू नका. एकाच नावाचे दोन चोक वेगवेगळ्या नळ्यांवर वेगळे वागतात, आणि दोन कंपन्यांची काडतुसेही वेगळी वागतात. चार फूट लांबी-रुंदीचा कागद सुरक्षित मातीच्या बंधाऱ्यासमोर टांगा, शिकारीत ज्या अंतरावरून बार काढणार आहात त्याच अंतरावर उभे राहा आणि मधल्या खुणेवर नेम धरून एकच बार काढा. छरे जिथे सर्वांत दाट पडले तिथे ३० इंचांचे वर्तुळ आखून भोके मोजा. वर्तुळाचा मध्य खुणेपासून दूर गेला असेल तर दोष चोकचा नसून बंदूक आपल्या खांद्याला नीट न बसण्याचा असू शकतो. चोक आणि काडतुसाच्या प्रत्येक जोडीचे किमान तीन ते पाच कागद करा, कारण एका कागदावरून काहीच ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, चोक तरी किंवा काडतूस तरी. नुसती भोके मोजून थांबू नका. वर्तुळात बदक सहज निसटेल एवढ्या मोकळ्या जागा उरल्या आहेत का, हेही पाहा. हा दिवस टाळणारे शिकारी हंगामभर जखमी पक्षी गमावतात, आणि शिकारीत याहून वाईट दुसरे काही नाही.

प्रश्न : घरात आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक आहे. तिच्या एका नळीचा चोक फुल आहे आणि तो काढता येत नाही. तिच्यात पोलादी छरे चालतील का?

उत्तर : नाही. जुन्या, पातळ नळ्यांमध्ये पोलाद वापरू नये. आधी ती बंदूक परवानाधारक बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या. तो योग्य म्हणेल तर बिस्मथचे छरे वापरता येतील. बिस्मथ शिशापेक्षा थोडे हलके, पण पोलादापेक्षा मऊ आणि जड असल्यामुळे जुन्या चोकला ते सोसते. मात्र काडतुसाचा दाब आणि कक्षाची लांबी त्या बंदुकीला साजेशी असलीच पाहिजे. युरोपातील नव्या बंदुकीवर लिली फुलाचे चिन्ह असेल, तर ती जोरकस पोलादी काडतुसांसाठी तपासलेली आहे असे समजावे. तिच्यातही चार मिलिमीटरहून जाड छऱ्यांसाठी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त आवळ चोक लावू नये.

प्रश्न : कलहंस उंचावरून जातात. त्यांच्यासाठी साडेतीन इंची काडतूस आणि एक्स्ट्रा फुल चोक घ्यावा का?

उत्तर : मी ते सुचवणार नाही. हंसाचे शरीर मोठे व हाडे जाड असल्यामुळे बीबी छरे घ्यावेत हे खरे, पण चोक मॉडिफाइडच ठेवावा. साडेतीन इंची काडतुसाने छरे वाढतात आणि खांद्याला बसणारा धक्काही वाढतो, आणि धक्क्याला बिचकणारा माणूस नेम चुकतो. मोठा पक्षी आहे त्यापेक्षा जवळ वाटतो, म्हणून ४० यार्डांवरची एखादी ओळखीची खूण आधीच मोजून ठेवावी आणि तिच्या पलीकडच्या पक्ष्यावर बार काढू नये. टंगस्टनचे छरे शिशाहूनही जड असल्याने लांबवर जोर टिकवतात, पण ते फार महाग आहेत, आणि लांबून नेम साधण्याचे कसब पैशाने मिळत नाही.

सुटा चोक प्रत्येक वेळी बंदूक रिकामी असल्याची खात्री करूनच बदलावा. तो पूर्ण आवळलेला आहे ना, हे दिवसातून अधूनमधून बंदूक रिकामी करून तपासावे आणि चोक न बसवता बार कधीही काढू नये, कारण त्याने नळीतील आटे खराब होतात. हंगाम संपल्यावर चोक काढून आटे पुसावेत व त्यांना हलके ग्रीस लावावे. पाण्याकाठच्या दमट हवेत ते गंजून अडकतात.