जानेवारीत सूर्य जवळ असतो, तर मग थंडी कशी?

तुम्ही एक म्हणून विचारलेत, पण प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते, मग उत्तर गोलार्धात नेमका तेव्हाच हिवाळा कसा? कललेला गोलार्ध सूर्याच्या ‘जवळ’ जातो म्हणून तिथे उन्हाळा, हे शाळेत सांगितलेलं बरोबर का? आणि पृथ्वीची आस, म्हणजे ती स्वतःभोवती फिरते ती काल्पनिक रेघ, सरळ उभी असती तर ऋतू झालेच नसते का?

पहिल्यापासून सुरुवात करू. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. पन्नास लाख किलोमीटर म्हटलं की छाती दडपते, पण टक्केवारीत हा फरक साडेतीन टक्केसुद्धा भरत नाही. त्यामुळे मिळणाऱ्या उन्हात सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. तो खरा आहे, नाकारायचं कारण नाही. फक्त ऋतू घडवण्याइतकं बळ त्यात नाही. घडवत असता तर सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. प्रत्यक्षात उत्तरेकडे हिवाळा असतो तेव्हा दक्षिणेकडे उन्हाळा असतो, आणि अंतराच्या कल्पनेला सुरुंग लावायला एवढं एकच निरीक्षण पुरे आहे.

या गैरसमजाला पुस्तकांतल्या आकृत्या बऱ्याच अंशी जबाबदार आहेत असं माझं मत आहे. त्यांत कक्षा तिरकी बघून काढलेली असते, त्यामुळे ती अंड्यासारखी लांबुळकी दिसते आणि सूर्य कुठेतरी एका टोकाला. खरी कक्षा कागदावर काढून बघा. लांब बाजूने मोजून मध्यापासून १० सेंटिमीटर घेतलेत, तर आखूड बाजूने ते माप एका मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाने कमी येईल. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. सूर्य मात्र मध्यापासून जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकलेला दिसेल. थोडक्यात, कक्षा जवळपास गोलच आहे. सूर्य तेवढा मध्यापासून किंचित बाजूला आहे.

आता दुसरा प्रश्न. निम्मं समजलेल्या माणसाची फसगत इथेच होते. ‘आस कललेली आहे म्हणून ऋतू होतात’ हे वाक्य बरोबर आहे. पण ते म्हणताना अनेकांच्या डोळ्यांपुढे चित्र असतं ते चुलीकडे झुकलेल्या माणसाचं: डोकं विस्तवाजवळ गेलं, म्हणून तापलं. मीही कितीतरी वर्षं असंच समजावत असे. एकदा एका मुलीने ‘म्हणजे किती जवळ?’ असं विचारलं आणि हिशोब मांडायला बसल्यावर मी ओशाळलो. पृथ्वीचा अख्खा व्यास १२,७४२ किलोमीटर. सूर्याच्या अंतरापुढे तो दहा हजारांत एक भागसुद्धा नाही. कल कितीही असला तरी एक गोलार्ध दुसऱ्यापेक्षा याहून जास्त जवळ येणं शक्यच नाही. दरसाल याच्या जवळजवळ चारशेपट फरक पडूनही उत्तरेचा हिवाळा टळत नाही, तिथे या काही हजार किलोमीटरांची काय कथा!

कलामुळे बदलतात त्या दोन गोष्टी: ऊन किती उभं पडतं आणि किती वेळ पडतं.

पहिली गोष्ट टेबलावर दिसते. टॉर्चच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावा म्हणजे झोत पसरणार नाही. खाली आलेख कागद ठेवून झोत सरळ वरून सोडा आणि उजळलेले चौकोन मोजा. मग टॉर्च तेवढ्याच अंतरावर धरून तिरपा करा, इतका की झोत कागदाशी ३० अंशांचा कोन करील. उजेडाचा गोल ताणून लांबट होतो आणि चौकोन जवळपास दुप्पट भरतात. उजेड तेवढाच, वाटेकरी दुप्पट. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा. शिवाय तिरपं ऊन हवेच्या जाड थरातून येतं, त्यात आणखी घट होते ती वेगळीच.

हेच ४५ अंश उत्तर अक्षांशावर लावून पाहू. २१ जूनच्या सुमारास तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६८ अंशांवर असतो, २१-२२ डिसेंबरला फक्त २२ अंशांवर. एक मीटरची काठी उभी केलीत तर जूनमध्ये तिची सावली ४० सेंटिमीटर पडेल, डिसेंबरमध्ये तब्बल अडीच मीटर. आता वेळेचं बघा: जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा, डिसेंबरमध्ये नऊ तासांहून लहान. उन्हाचा उभेपणा आणि मुक्काम यांचा एकत्र हिशोब केला, तर वातावरणाच्या वरच्या थरात जूनच्या त्या एका दिवसात मिळणारी ऊर्जा डिसेंबरमधल्या दिवसाच्या सुमारे चौपट भरते. अंतरामुळे सात टक्के आणि कलामुळे चौपट, अशी ही विषम लढत आहे. यात गंमत अशी की अंतराचा परिणाम उत्तरेत कलाच्या विरुद्ध काम करतो. पृथ्वी वर्षभर एकाच अंतरावर राहिली असती, तर हाच फरक चौपटीऐवजी सव्वाचारपटीच्या वर गेला असता.

आणखी एक गैरसमज तुमच्या प्रश्नात आडून डोकावतोय, तो आत्ताच काढून टाकतो. ‘जूनमध्ये पृथ्वी सूर्याकडे झुकते आणि डिसेंबरमध्ये उलटी झुकते’ अशी वाक्यं वाचून पृथ्वी वर्षभर मान डोलावते असं वाटतं. ती डोलावत नाही. आस कक्षेच्या लंबाशी २३.४४ अंशांनी कललेली आहे आणि वर्षभर एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याच्या जवळपास, रोखलेली असते. बदलते ती पृथ्वीची जागा.

हे पटवायला मी चेंडूत विणकामाची सुई खुपसतो, टेबलावर मधोमध दिवा ठेवतो आणि समोरच्याला म्हणतो, सुई तिरकी धर आणि दिव्याभोवती चक्कर मार. पहिल्या फेरीत बहुतेकांचं मनगट आपसूक वळतं आणि सुईचं टोक सगळीकडे दिव्याकडेच राहतं. म्हणजे बारमाही उन्हाळा! मग सांगायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे टोक ठेव आणि काही झालं तरी हलवू नकोस. दुसऱ्या फेरीत टेबलाच्या एका बाजूला टोक दिव्याकडे येतं, समोरच्या बाजूला दिव्यापासून दूर जातं, आणि मधल्या दोन जागी ना इकडे ना तिकडे. ते मार्च आणि सप्टेंबरमधले विषुवदिन. चार शब्दही न बोलता काम होतं.

ध्रुवाचं उदाहरण मात्र जाणकारांनाही चकवतं. जूनमधल्या अयनदिनी, म्हणजे उत्तरेतल्या सर्वांत मोठ्या दिवशी, चोवीस तासांत वातावरणाच्या माथ्यावर पडणारी ऊर्जा मोजली तर उत्तर ध्रुव विषुववृत्तावर मात करतो, तेही सुमारे ३६ टक्क्यांनी. सूर्य तिथे साडेतेवीस अंशांच्या वर चढत नाही, पण मावळतही नाही. मग तिथे उकाडा का नाही? पांढरं बर्फ बरंचसं ऊन परतवून लावतं, आणि उरलेल्यातलं पुष्कळसं ते वितळवण्यातच खर्ची पडतं. म्हणजे ऊन किती मिळालं आणि हवा किती तापली, हे दोन वेगळे हिशोब आहेत. सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत गरम दिवस एक नसतात तेही यामुळेच. जमीन आणि विशेषतः समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो.

याच कारणाने पृथ्वीचं सरासरी तापमान सूर्य सगळ्यांत दूर असताना, जुलैत, जास्त असतं. उत्तर गोलार्धात जमीन ३९ टक्के आहे, दक्षिणेत १९ टक्केच. जमीन लवकर तापते, म्हणून उत्तरेचा उन्हाळा सरासरी वर खेचतो.

कक्षेचा काहीच हात नाही असंही समजू नका. केपलरच्या दुसऱ्या नियमानुसार पृथ्वी सूर्याजवळ असताना जलद धावते, दूर असताना रेंगाळते. दिनदर्शिका घ्या आणि २० मार्च ते २२ सप्टेंबर दिवस मोजा: १८६. तिथून पुन्हा २० मार्चपर्यंत १७९. उत्तरेचं उन्हाळी अर्ध हिवाळी अर्धापेक्षा आठवडाभर मोठं आहे, ते या चालीमुळे.

शिवाय ही मांडणी कायमची नाही. सूर्याजवळचा बिंदू तारखांमधून हळूहळू पुढे सरकतो. १२४६ च्या सुमारास तो डिसेंबरच्या अयनदिनावरच होता. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो उत्तरेच्या उन्हाळ्यात पडत होता. तेव्हा उत्तरेचं ऊन आजच्यापेक्षा कडक होतं, मोसमी पाऊस जोरदार होता आणि सहारात गवत आणि तळी होती. कलही २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्राने कमीजास्त होतो. हिमयुगांची गणितं इथून सुरू होतात, पण तो वेगळा विषय आहे.

राहिला तिसरा प्रश्न. कल शून्य असता तर सगळीकडे बारा महिने बारा तासांचा दिवस आणि मध्यान्हीच्या सूर्याची उंची कायम तीच. ध्रुवावर सूर्य सदैव क्षितिजावर घासत राहिला असता. ऋतू अगदीच नसते असं मात्र नाही. अंतराचा तो सात टक्क्यांचा ऋतू उरला असता, दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी, जानेवारीत किंचित ऊब आणि जुलैत किंचित गारवा. हा अंतराचा ऋतू ठसठशीत बघायचा असेल तर मंगळाकडे बघा. त्याचा कल २५ अंश, जवळपास आपल्याइतकाच, पण कक्षा बरीच लांबट. सूर्याजवळ असताना त्याला दूर असतानाच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के जास्त ऊन मिळतं. तेव्हा त्याच्या दक्षिण गोलार्धात उन्हाळा जवळ आलेला असतो, म्हणून तिथला उन्हाळा आखूड आणि तीव्र, आणि मंगळावरची धुळीची मोठी वादळंही सहसा त्याच मोसमात उठतात.