अंजन म्हणायचं की अंजनी?

प्रश्न असा आहे की मार्चमध्ये माथेरानला फांदीभर निळी फुलं लगडलेलं एक बुटकं झाड दिसलं, सोबतचा एकजण म्हणाला अंजन, दुसरा म्हणाला अंजनी, तर बरोबर काय, आणि फुलं नसताना ते ओळखायचं कसं?

सह्याद्रीत दोन्ही नावं चालतात, त्यामुळे चुकलं कोणीच नाही. पण लिहिताना मात्र अंजनीच लिहा असा माझा आग्रह आहे, कारण अंजन नावाचं एक पूर्ण वेगळं झाड आपल्याकडे आहे, खानदेशासारख्या कोरड्या भागातलं, उंच वाढणारं, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारं जोडपान असलेलं आणि पानगळ होणारं. जळगावकडच्या माणसाला तुम्ही नुसतं अंजन म्हणालात की त्याच्या डोळ्यासमोर तेच उभं राहणार. त्यात दोघांचंही लाकूड भयंकर टणक आणि जड, म्हणजे कन्फ्युजनला अजून एक कारण. तो अंजन आणि ती अंजनी, एवढा फरक बोलताना ठेवला तरी पुष्कळ झालं. अंजन म्हणजे काजळ, हे आठवलं की तो गडद निळा रंग आणि नाव यांची जोडी डोक्यात पक्की बसते.

आता ओळख. फुलं साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात येतात आणि ती फांदीच्या टोकाला नसतात, पानांच्या बेचक्यात आणि जुन्या उघड्या फांदीच्या पेरापेरांवर चिकटून झुबके येतात, जणू लाकडालाच निळी लोकर लागलीय. एक फूल जवळून बघा, चारच पाकळ्या आणि त्यातून बाहेर डोकावणारे निळे पुंकेसर, इतकं देखणं की मोबाईलच्या फोटोत तो रंग नीट येतच नाही. मग वाटाण्याएवढी गोल फळं धरतात, पिवळी, लालसर आणि पिकली की जांभळी-काळी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर डाळिंबासारखा बारका मुकुट असतो, तो नक्की बघा.

बाकी वर्षभर पानांवरच भिस्त. झाड सदाहरित, पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, आणि मधली शीर सोडली तर बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. महाबळेश्वरला जांभूळ शेजारीच असतो आणि लांबून फसवतो, पण त्याच्या पानावर बारीक समांतर शिरा दाट दिसतात आणि पान चुरगळलं की वास येतो.